रेडिओची खरखर आणि भाताचे तूस



संध्याकाळी बातम्या लावाव्यात आणि नेमका त्याच वेळी शेजाऱ्याने पाण्याचा पंप सुरू करावा, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. पंप सुरू होताना रेडिओत कर्र असा आवाज होतो आणि बातमीतला एखादा शब्द त्यात बुडून जातो. मिक्सर, पंख्याचा सैल झालेला रेग्युलेटर, हलक्या प्रतीचा एलईडी दिवा, एवढेच काय, वैशाखात दूरवर चमकलेली वीज, यांतले काहीही ही खरखर उठवू शकते. आपण म्हणतो, रेडिओ बिघडला. पण बहुधा रेडिओ बिघडलेला नसतो. तो इमानाने ऐकत असतो. केंद्राचा कार्यक्रम ऐकतो, तशी पंपाच्या बटणातली ठिणगीही ऐकतो, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच. एका यंत्राच्या कामात दुसऱ्या यंत्राच्या लहरींनी जी ढवळाढवळ होते, तिला विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात.

रेडिओत खरखर झाली तर फार बिघडत नाही. पण इस्पितळात हृदयाचा आलेख काढणारे यंत्र असते. हृदयातून निघणारा विजेचा ठोका इतका क्षीण असतो की जवळपासची वीज त्या आलेखात सहज मिसळते. जुन्नर तालुक्यात खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस प्रचंड तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात. त्या लहरींपुढे आपल्या खिशातला मोबाइल म्हणजे देवळातल्या कीर्तनात शिरलेला ढोल! आता घरोघरी आणि कारखान्यांतून बिनतारी यंत्रे वाढली आहेत. त्यांना एकमेकांच्या त्रासापासून आडोसा कसा द्यायचा, आणि तो आडोसा आपल्या शेतातल्या भाताच्या तुसापासून, काथ्यापासून, बांबूपासून करता येईल काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. पेणहून तीस-एक किलोमीटरवर अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. ती तेथे का आली, ठाऊक आहे? पूर्वी ही कामे मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत होत. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी तेथे 1841 पासून चालू होती. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. ट्रामच्या तारांतून आणि रुळांतून वाहणाऱ्या विजेमुळे नाजूक चुंबकसूची थरथरणार हे उघड होते. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी ही मोजणी समुद्रापलीकडे अलिबागला हलवण्याचे काम पार पाडले. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा. मुंबईत विजेची ट्राम 1907 साली धावू लागली, तोवर अलिबागचे काम सुरळीत चालले होते. तेथली इमारत बांधतानाही किती काळजी घेतली पाहा. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात लोहाची चुंबकीय खनिजे असतात, म्हणून तो टाळून पोरबंदरी दगड वापरला, आणि लोखंडाऐवजी तांब्या-पितळेचे सामान बसवले.

या हकिकतीत व्यत्ययावरचा एक उपाय दिसतो, तो म्हणजे दूर जाणे. दुसरा उपाय, त्रास देणाऱ्यालाच गप्प करणे. पंपाचे बटण दुरुस्त केले की ठिणगी थांबते. हा उपाय सर्वांत स्वस्त, आणि पुष्कळदा तेवढाच पुरतो. पण प्रत्येकाला अलिबागला जाता येत नाही आणि प्रत्येक ठिणगी विझवता येत नाही. अशा वेळी तिसरा उपाय, आडोसा करणे.

आडोसा कशाचा करावा? वीज सहज वाहू देणाऱ्या पदार्थाचा. लहर अशा पदार्थावर येऊन आपटली की त्यातील विद्युत्कण हलू लागतात. त्यांच्या हालचालीमुळे लहरीचा काही भाग मागे फिरतो आणि काही भाग आत शिरून उष्णतेच्या रूपाने जिरतो. पलीकडे जाते ते थोडेसेच. किती गेले हे मोजण्याचे माप डेसिबल. दहा डेसिबलचा आडोसा म्हणजे लहरीच्या शक्तीचा दहावा हिस्सा पलीकडे गेला. वीस डेसिबल म्हणजे शंभरावा, तीस म्हणजे हजारावा. नेहमीच्या उपकरणांना वीस-तीस डेसिबल पुष्कळदा पुरतात.

तांबे, ॲल्युमिनियम, लोखंड यांचा आडोसा उत्तम होतो, यात शंका नाही. पण धातू जड, महाग, आणि आमच्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत लोखंड किती टिकते हे पेणकरांना सांगायला नको. शिवाय आजची बहुतेक उपकरणे प्लास्टिकच्या पेटीत येतात आणि प्लास्टिक लहरींना मुळीच अडवत नाही. धातूची आणखीही एक अडचण आहे. भिंतीवर मारलेला चेंडू उसळून मारणाऱ्याच्याच अंगावर येतो. तशी धातूवर आपटलेली लहर परत फिरून पेटीतल्याच दुसऱ्या भागाला त्रास देते. तोच चेंडू पेंढ्याच्या उडवीत मारला तर आत रुतून बसतो. लहर परतवणारा नव्हे, तर जिरवणारा आडोसा मिळाला तर हवा आहे. संशोधकांची नजर वनस्पतींकडे वळली, त्याचे हे एक मोठे कारण.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, आमच्या पेंढ्याने शाकारलेल्या घरात रेडिओ चांगला वाजतो की! मग पेंढा लहर अडवतो कुठे?" प्रश्न अगदी रास्त आहे. सुका पेंढा, सुके लाकूड, कागद, कापूस यांतून वीज वाहत नाही, म्हणून लहर त्यांतून आरपार जाते. वनस्पतीपासून आडोसा करायचा तर आधी तिला वीज वाहू देण्याचा गुण आणून द्यावा लागतो. आणि तो आणण्याचा जुना, सोपा मार्ग म्हणजे तिचा कोळसा करणे.

मात्र कोळशाकोळशात फरक असतो. चुलीतला कोळसा साधारण चारशे-पाचशे अंशांवर झालेला असतो, आणि त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. तोच कोळसा हवा न लागू देता आणखी तापवला, तर सहाशे ते नऊशे अंशांच्या दरम्यान त्याचे रूप पालटते. आतले कार्बनचे अणू एकमेकांशी जोडले जाऊन षट्कोनी जाळ्यांचे पापुद्रे तयार होतात आणि त्यांतून वीज वाहू लागते. हे गुपित एडिसनला ठाऊक होते. 1879 साली त्याने दिव्यात जी तार वापरली ती जाळून कोळसा केलेल्या सुताची होती, आणि पुढल्याच वर्षी त्याने बांबूच्या तंतूकडे मोर्चा वळवला. हा बांबू जपानातल्या क्योटोजवळून येई. जगाला उजेड देणारे ते दिवे, म्हणजे बांबूच्या कोळशातून वाहणारी वीज होती.

पण नुसता कोळसा ठिसूळ. त्याची पेटी कशी करणार? येथे दुसरी कल्पना मदतीला येते, ती म्हणजे संमिश्राची. दोन पदार्थ असे एकत्र आणायचे की एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी. शब्द नवा असला तरी गोष्ट आपल्या अंगणातली आहे. कारवीच्या कुडाला माती आणि शेण लिंपतात, तेव्हा कारवी ताण सोसते आणि माती दाब सोसते. हमरापूर-जोहे येथल्या गणपतीच्या कारखान्यांत जाऊन पाहा. प्लास्टरच्या मूर्तीला आतून काथ्या लावतात. प्लास्टरने आकार धरला आणि काथ्याने जोर दिला. पेणच्या मूर्तिकाराला संमिश्र म्हणजे काय हे प्राध्यापकाने शिकवायची गरज नाही! आडोशासाठीही हेच करायचे. कोळशाची पूड किंवा कोळसा झालेले तंतू राळेत, रबरात किंवा प्लास्टिकमध्ये मिसळायचे. राळ बळ देते, कोळसा वीज वाहतो.

कोळसा किती घालावा, यात एक मौज आहे. ओढा ओलांडायला आपण दगड टाकतो. दगड दूर दूर पडले तर दहा टाका की वीस टाका, पलीकडे जाता येत नाही. पण एका मर्यादेनंतर आणखी दोन दगड पडले की एकदम वाट तयार होते. कोळशाच्या कणांचे तसेच आहे. कण एकमेकांना टेकत नाहीत तोवर संमिश्रातून वीज वाहत नाही. ते टेकू लागले की थोड्याच भरीने ती एकदम वाहू लागते. येथे वनस्पतीच्या तंतूंचा फायदा दिसतो. गोल दाण्यांपेक्षा लांब तंतू एकमेकांना लवकर टेकतात, म्हणून काथ्या, ताग, केळीचा वाख यांचा कोळसा कमी प्रमाणात घालूनही वाट तयार होऊ शकते. शिवाय लाकडाच्या, बांबूच्या कोळशात झाडाच्या मूळच्या नळ्या आणि पोकळ्या तशाच राहतात. आत शिरलेली लहर त्या पोकळ्यांत इकडून तिकडे आपटत राहते आणि जिरते.

वनस्पती आणि विद्युतलहरी यांची गाठ आपल्या देशात फार पूर्वीच पडली आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी 1895 च्या सुमारास कलकत्त्यात फार आखूड रेडिओलहरींवर प्रयोग केले. साधने साधीच. रेल्वेचे जाडजूड वेळापत्रक घ्यायचे आणि त्याच्या पानांत पत्र्यासारखे पातळ कथिलाचे कागद घालायचे. झाली लहर गाळणारी चाळणी! एका दिशेने डोलणारी लहर तीतून पार जाई, दुसरी अडे. कागद म्हणजे वनस्पतीच, तेव्हा हेही एक संमिश्रच झाले. 1898 साली त्यांनी तागाचे पीळ दिलेले जुडगे लहरीच्या वाटेत ठेवले आणि पिळाच्या दिशेप्रमाणे लहरीची डोलण्याची दिशा फिरते असे दाखवून दिले. बंगालचा ताग लंडनच्या विद्वत्सभेच्या पुस्तकांत जाऊन बसला, तो असा.

आपल्या काळात हे काम पुष्कळ ठिकाणी चालू आहे. मलेशियातील पेर्लिसच्या विद्यापीठात 2010 च्या सुमारास भाताच्या तुसात राळ मिसळून लहानलहान चौकोनी मनोरे केले. ज्या खोलीत रेडिओची साधने तपासतात तिच्या भिंतींना असे मनोरे लावतात, म्हणजे लहर भिंतीवरून परत येत नाही. एरवी ते कृत्रिम फोमचे, कोळशाची काजळी पाजलेले असतात. तुसाचे करून पाहिले, तर लहर चांगली जिरते असे आढळले. महाराष्ट्रात डॉ. महेश्वर शरोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतींच्या तेलांपासून अतिसूक्ष्म कार्बन बनवला आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील डॉ. विजया पुरी यांच्याबरोबर तो सूक्ष्मलहरी किती शोषतो हे तपासले. ते काम 2006 च्या सुमाराचे.

आता आपल्या तुसाकडे येऊ. पेण-रोह्याकडे भाताचे पीक मुख्य, आणि भाताच्या व पोह्यांच्या गिरण्यांत तुसाचे ढीग पडतात. शंभर किलो भात भरडले की वीस किलोच्या आसपास तूस निघते. त्याला किंमत येईल काय?

येथे मी आपल्याला हुरळवून टाकणार नाही. तुसात वाळूच्याच जातीचा सिलिका नावाचा पदार्थ पुष्कळ असतो. तूस उघड्यावर जाळले तर कार्बन जळून जातो आणि पाचवा हिस्सा राख उरते, ती जवळजवळ सगळी सिलिका. ती सिमेंटात घालायला चांगली, पण आडोशाला निरुपयोगी, कारण तिच्यातून वीज वाहत नाही. आडोशासाठी तूस हवाबंद भट्टीतच भाजावे लागते, आणि तरीही त्यातली सिलिका विजेच्या वाटेत येते. ती क्षाराने धुऊन काढावी लागते, किंवा तुसाच्या कोळशाला चांगली वीज वाहणाऱ्या दुसऱ्या कशाची जोड द्यावी लागते. त्या मानाने नारळाची करवंटी आणि बांबू यांचा कोळसा अधिक शुद्ध निघतो. दुसरी अडचण ओलाव्याची. कच्चा तंतू आमच्या पावसाळ्यात पाणी पितो, फुगतो आणि राळेपासून सुटतो. तिसरी अडचण राळेची. बहुतेक राळ खनिज तेलापासून होते. मग वनस्पतीचा माल म्हणून मिरवण्यात अर्धेच सत्य राहिले. या बाबतीत कोकणाला एक आशा आहे. काजूच्या टरफलातून निघणाऱ्या तेलापासून चांगली राळ होते आणि मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरात ती वापरात आहे. कोळसाही कोकणचा आणि राळही कोकणची, असे संमिश्र कल्पनेबाहेरचे नाही. परंतु प्रयोगशाळेतला तुकडा आणि बाजारातला माल यांत मोठे अंतर असते. तेव्हा उद्या तुसाला सोन्याचा भाव येणार असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबून कर्ज काढू नका.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हवा कोंडून कोळसा करण्याची विद्या आपल्या भागात कातकरी बांधवांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या आहे. भट्टी कशी रचावी, मातीने कशी लिंपावी, धुराचा रंग पाहून ती केव्हा बंद करावी, हे ज्ञान पुस्तकातले नाही. पण या ज्ञानाच्या वाट्याला आजवर काय आले? सावकाराची किंवा ठेकेदाराची उचल, आणि दिवाळीनंतर बायकामुलांसह परमुलखातल्या भट्ट्यांवर जाणे. मुलांची शाळा सुटते ती त्यापायीच, हे ऐकणाऱ्या शिक्षकांना मी वेगळे सांगायला नको. कोळशाला उद्या नवी किंमत आली, तर ती भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचते की नाही, हे पाहणे विज्ञानाच्या कक्षेत येत नसेल, पण आपल्या कक्षेत येते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. जेथे खरी विद्या असते तेथे तिच्या सावलीत खोटा माल विकला जातो. 2020 च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी शेणाची एक चकती पुढे आणली. ती मोबाइलला लावली की त्याचे प्रारण कमी होते, असा दावा केला गेला. देशातल्या शेकडो वैज्ञानिकांनी त्याचा पुरावा मागितला. आजही मोबाइलला चिकटवायच्या नाना चकत्या बाजारात मिळतात. आपण आताच जे पाहिले त्यावरून त्यांची परीक्षा सहज करता येईल. आडोसा चारी बाजूंनी बंद असावा लागतो. घराची एक भिंत लिंपून पाऊस अडत नाही, तशी पाठीवरच्या चकतीने लहर अडत नाही. आणि समजा, खरोखरच सगळी लहर अडली, तर फोन लागणारच नाही! फोन लागतो आहे याचा अर्थ लहर ये-जा करते आहे.

म्हणून वनस्पतीची असो, धातूची असो, आडोशाची कोणतीही वस्तू विकायला आली की तीन प्रश्न विचारा. पहिला, कोणत्या वारंवारतेच्या लहरीसाठी? कारण मोबाइलची लहर अडवणारा पातळ पडदा अलिबागच्या चुंबकसूचीला ट्रामपासून वाचवू शकला नसता. दुसरा, किती जाडीचा? आणि तिसरा, किती डेसिबल, आणि ते कोणी मोजले? अशी मोजणी करणाऱ्या प्रयोगशाळा आपल्या देशात आहेत. मुंबईत पवईला असलेली समीर ही सरकारी संस्था त्यांतलीच. ज्याच्यापाशी या तीन प्रश्नांची उत्तरे नाहीत, त्याच्यापाशी आडोसा नाही, ताईत आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी हे वर्गात करून दाखवावे. एक ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर लावा. तो आधी पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करा, मग पेंढ्यात खुपसा. आवाज दबेल, पण बोलणे चालू राहील. मग तोच स्टीलच्या मोठ्या डब्यात घालून झाकण घट्ट लावा. आता बोलणे जाऊन नुसती खरखर उरेल. खोके आधी का वापरले, हे मुलांनाच विचारा. आवाज कोंडला जाणे वेगळे आणि लहर अडणे वेगळे, हे त्यांच्या लक्षात यायला हवे. दुसरा प्रयोग कोळशाचा. दोन सेल, तारा आणि लाल रंगाचा छोटा एलईडी दिवा घ्या. मधे दोन्ही टोकांना तासलेली शिसपेन्सिल जोडा, दिवा लागेल. न लागल्यास दिव्याचे पाय उलटे करून पाहा. आता पेन्सिलीच्या जागी चुलीतला कोळसा धरा, बहुधा लागणार नाही. मग गावच्या लोहाराला विनंती करा. भात्यापुढे पिवळा-पांढरा तापलेला कोळशाचा एक तुकडा त्याने आपल्या सांडशीने काढून कोरड्या वाळूत पुरावा. तो पुरता थंड झाला की तारा घट्ट टेकवून पाहा. तेच झाड, तोच कोळसा, फक्त उष्णतेचा फरक. दिवा उजळला की मुलांना जे कळेल, ते माझ्या भाषणाने कळणार नाही.

तूस आज गिरणीमागे पडून आहे, काही विटांच्या भट्टीत जाते, काही बॉयलरमध्ये. उद्या त्यातल्या थोड्याचा तरी लहरींना आडोसा होईल, असे मानायला शास्त्राचा आधार आहे. ते घडवून आणणारा संशोधक कदाचित आज पेणच्या किंवा रोह्याच्या एखाद्या शाळेत बाकावर बसलेला असेल. त्याला तीन प्रश्न विचारायची सवय आजच लावू या.